'काही करत नाही तो' : श्वानपालकांना खुले पत्र

समस्त श्वानपालक बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी एका महापालिकेच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. कुत्रा चावल्यावर लोक इंजेक्शनं घ्यायला येतात, त्या खोलीत माझी ड्यूटी असते. घरी माझीही एक कुत्री आहे. गावठी, काळी, नाव चिंगी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा विषयावर कुणी तोंड उघडलं की 'ही बाई डॉग हेटर दिसते' असं ठरवून पुढचं न वाचणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलायचा आदेश दिला. तो महिना संपायच्या आत त्यात बदल झाला. नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचलली तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी ठेवून घ्या, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. तेव्हापासून चार माणसं जमली की भटक्या कुत्र्यांवरून हमरीतुमरी ठरलेली. या गदारोळात आपण पाळणारे मात्र अलगद सुटलो.

केसपेपर भरताना मी प्रत्येकाला विचारते, "कुत्रा भटका की पाळीव?" भटका असला तर माणूस धास्तावून तडक आलेला असतो. पाळीव असला तर पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो, तोही घरच्यांनी दामटून पाठवला म्हणून. उशीर का, म्हणून विचारलं की उत्तर एकच, "मालक म्हणाले, त्याची सगळी इंजेक्शनं झालीत, काही होत नाही." मला तुमच्याशी या वाक्याबद्दल बोलायचंय. आणि त्याच्या आधीच्या वाक्याबद्दलही, जे चावण्यापूर्वी म्हटलं जातं, "काही करत नाही तो."

आधी हे पहिलं.

लिफ्टचं दार उघडतं, आत तुम्ही आणि तुमचा लॅब्रॅडॉर. बाहेर एक बाई, हातात भाजीची पिशवी, कडेला चार वर्षांचं पोर. बाई थबकते. तुम्ही पट्टा जवळ घेण्याऐवजी हसून म्हणता, "या या, काही करत नाही तो." आता ती बाई काय करणार? नाही म्हटलं तर भित्री ठरते, म्हणून अंग चोरून आत शिरते. आणि कुत्रा? चार बाय चारच्या पेटीत अनोळखी माणसं, भाजीचा वास, पोराची चुळबुळ, आणि पळायला जागा नाही. घाबरलेल्या कुत्र्याला पळता येत नसेल तर त्याच्यापुढे दुसरा एकच मार्ग उरतो. लिफ्ट जाऊ द्या की. दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडतं?

तुमचा कुत्रा तुम्हाला काही करत नाही, एवढंच तुम्हाला ठाऊक असतं. तो अनोळखी पोराला, हेल्मेट घातलेल्या डिलिव्हरीवाल्याला, काठी टेकत येणाऱ्या आजोबांना काय करेल, हे त्याला त्या माणसांची सवय लहानपणी लागली की नाही यावर असतं. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याला आपलं वाटू लागतं. आपल्याकडे पिल्लू महिन्याचं होतं न होतं तोच आईपासून तोडून विकतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा 2017 चा नियम आहे, पण घेणाराच घाई करतो तिथे विकणारा कशाला थांबेल? मग ते फ्लॅटमध्ये वाढतं. गॅलरीतून जग बघतं आणि वर्षभराने लोकांवर भुंकायला लागलं की आपण कौतुकाने म्हणतो, "राखण चांगली करतो."

घरातले चावे पुष्कळदा ठरावीक जागी होतात. दार उघडताना. जेवणाच्या भांड्याजवळ. तोंडातला बूट किंवा हाड ओढून घेताना. झोपलेल्या कुत्र्याला मिठी मारताना. शेवटच्या प्रकारात चावा लागतो तो बहुतेक पाहुण्यांच्या मुलांना. लहान मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर, त्यामुळे चावा गालावर, ओठावर, मानेवर बसतो. 'आमच्याकडे मुलं अंगावर लोळतात त्याच्या' याचं फार भूषण वाटतं आपल्याला. व्हिडिओ काढतो. तोच व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघा. पोराने गळ्याला मिठी मारलीय आणि कुत्रा तोंड वळवतोय, झोप नसताना जांभई देतोय, सारखा नाक चाटतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. तो 'सोड मला' म्हणतोय. एवढं सांगूनही कुणी ऐकलं नाही की तो ताठरतो आणि क्षणभर हालचाल थांबवतो. सगळ्यात जपायचं ते याच क्षणाला. शेपटी हलतेय म्हणून निर्धास्त राहू नका. ताठ उभी धरून टोकाशी थरथरणारी शेपटी खुशीची नसते.

आणि गुरगुरला म्हणून मारू नका. हे मी हात जोडून सांगते. गुरगुरणं म्हणजे दिलेली सूचना. मार खाऊन कुत्रा सूचना द्यायचं सोडतो, राग किंवा भीती सोडत नाही. मग असा कुत्रा एक दिवस 'काही कारण नसताना, अचानक' चावतो. आयुष्यभर गरीब असलेला कुत्रा एकाएकी चिडका झाला तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या. कान पिकलेला असतो, दाढ दुखत असते, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरलेले असतात. दुखऱ्या जागी हात लागला तर माणूसही वसकन ओरडतोच.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. चार-पाच फुटांचा, हातात धरलेला. पट्टा गळ्यात आणि त्याचं टोक जमिनीवरून घसटत जातंय, याला पट्टा बांधला म्हणत नाहीत. आपोआप लांब होणारी ती डबीतली दोरी रस्त्यावर काही कामाची नाही, कुत्रा पंधरा फुटांवर गेल्यावर तुम्ही काय आवरणार? घरात दिवसभर साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा शांत होत नाही, उलट त्या साखळीच्या टप्प्यात येणाऱ्यावर तुटून पडतो. तोंडाला जाळी लावायची वेळ आली तर पिंजऱ्यासारखी घ्या, जिच्यात त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीने तोंड आवळून एप्रिलच्या उन्हात फिरवलात तर तो गुदमरेल. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी फिरायला काढूच नका, पहाटे किंवा दुपारी उरकून घ्या. दोन कुत्री जुंपली तर मध्ये हात घालू नका, बादलीभर पाणी ओता. माझ्याकडे येणारे हातावरचे कितीतरी चावे हे स्वतःच्याच कुत्र्याला सोडवताना झालेले असतात.

जातीवरून वाद घालण्यात मला रस नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर वगैरे 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मोठ्या जबड्याचा चावा खोल जातो हे खरंच आहे, म्हणून मोठा कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारीही मोठी. पण माझ्या टेबलावर पॉमेरेनियन आणि शिट्झूचे चावेही येतात. त्यांचे मालक तर चावला हे मान्यच करत नाहीत. "लागला असेल दात." दात लागला म्हणजेच चावला हो.

आता दुसरं वाक्य. "सगळी इंजेक्शनं झालीत त्याची."

मागे एक घरकामाच्या मावशी आल्या होत्या. पोटरीवर दोन खोल खुणा, त्यांवर हळद थापून वर फडकं बांधलेलं. दुपारी झाडताना कुत्र्याच्या खाली पडलेली चादर ओढली, म्हणून चावला. बाईसाहेबांनी हळद लावली, दोनशे रुपये दिले आणि रिक्षाने घरी पाठवलं. मावशींच्या मुलीने ऐकलं नाही, ती संध्याकाळी दवाखान्यात घेऊन आली. मी मालकीणबाईंना फोन लावायला सांगितला. फोनवर तेच, "सिस्टर, सगळी इंजेक्शनं झालीत त्याची, उगाच घाबरवू नका तिला." मी म्हटलं, पुस्तिकेचा फोटो पाठवा. बऱ्याच वेळाने आला. कुत्र्याच्या पुस्तिकेत प्रत्येक लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवतात, शेजारी तारीख आणि डॉक्टरची सही असते. लेबलं होती, रंगीत, ओळीने. ती बहुतेक सगळी 'नाइन इन वन'ची. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे कुत्र्यांच्या इतर आजारांची. त्या कुत्र्याच्या रेबीजच्या लसीचं शेवटचं लेबल दोन वर्षांपूर्वीचं होतं.

बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की सगळी झालीत. म्हणून म्हणते, आज घरी गेल्यावर ती पुस्तिका काढा. 'अँटी-रेबीज' किंवा 'एआरव्ही' असं स्पष्ट लिहिलेलं लेबल शोधा आणि पुढची तारीख बघा. पहिला डोस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दरवर्षी. पुस्तिका कपाटात नको, दाराजवळ पट्टा टांगता तिथे असू द्या. आणि ही सगळी लेबलं जागच्या जागी असली तरीही चावलेल्या माणसाला 'काही होत नाही' म्हणू नका. लस घेतलेल्या कुत्र्यापासून धोका फार कमी असतो, शून्य नसतो. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही किंवा मी नव्हे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. कधी आठवडाभरातही दिसतात, कधी वर्ष उलटतं. तोवर जखम भरलेली असते आणि चावल्याचं विसरायलाही झालेलं असतं. 2025 मध्येच उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरकडचा एक तरुण कबड्डीपटू असाच गेला. नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढताना ते चावलं होतं. पिल्लाचा चावा म्हणून त्याने मनावर घेतलं नाही.

तुमचा कुत्रा कुणाला चावला तर पहिली पंधरा मिनिटं तुमची आहेत. कुत्र्याला खोलीत बंद करा आणि त्या माणसाला नळाखाली न्या. वाहतं पाणी आणि साबण, अंगाचा असो की कपड्यांचा. घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. एवढा वेळ फार मोठा वाटतो, लोक दोन मिनिटांत "झालं" म्हणतात. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि तिथून नसांवाटे मेंदूकडे सरकत जातो. नसेत शिरण्याआधी जेवढा धुऊन निघेल तेवढा काढायचा. साबणाने तो मरतोही. मग बीटाडीन असेल तर लावा. हळद, तिखट, चुना, तेल, कॉफी यातलं काहीही नको. घट्ट पट्टी नको. जखम मोठी आहे म्हणून जवळच्या दवाखान्यात टाके घालून घेण्याची घाई नको, टाक्यांचं नंतर बघतात. त्याच दिवशी, रविवार असला तरी, दवाखाना गाठा.

दवाखान्यात काय होतं तेही सांगते, म्हणजे तुम्ही सोबत आलात तर गोंधळणार नाही. नुसतं धड कातडीवर चाटलं असेल तर धुणं पुरतं. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस. रक्त आलं, दात आत गेला, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर लस आणि शिवाय इम्युनोग्लोब्युलिन. टाचांच्या भेगांतून रक्त येत असताना कुत्रा लाडाने पाय चाटतो, तेही यात मोडतं बरं का. लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तेवढ्या काळात लढायला तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडीज), म्हणजेच हे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेतच टोचावी लागतात. वजनावर डोस ठरतो, आणि जखमेच्या आत नि कडेने सुई घातली जाते तेव्हा फार दुखतं. पाच वर्षांच्या मुलीच्या गालात ते टोचताना तिला दोघांनी धरावं लागतं. मालकाने एकदा तरी त्या वेळी खोलीत उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. काही ठिकाणी यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं, प्रतिपिंडही वापरतात. हे पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत द्यावंच लागतं.

पोटातली चौदा इंजेक्शनं मात्र आता विसरा. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लशीची, आपल्याकडे वीसेक वर्षांपूर्वीच बंद झाली. त्या भीतीने अजूनही लोक यायचं टाळतात, म्हणून सांगितलं. आता कातडीत देतात तो कोर्स पहिल्या दिवशी (तो दिवस शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दर खेपेला दोन्ही दंडांवर. दंडाच्या स्नायूत घेतली तर यात चौदाव्या दिवसाची एक खेप वाढते. गरोदर बाईलाही देतात, अंगावर पाजणाऱ्या आईलाही देतात.

घरकामाच्या बाईसाठी या चार खेपा म्हणजे चार खाडे. महापालिकेच्या दवाखान्यात लशीचे पैसे लागत नाहीत, पण रिक्षाला लागतात, आणि बुडलेल्या दिवसाचे कुणी देत नाही. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस बुडवणाऱ्यांत अशाच लोकांचा भरणा असतो. तक्रार करावी तर काम जातं. तुमचा कुत्रा चावला तर दोनशे रुपये हातावर ठेवून मोकळे होऊ नका. पहिल्या खेपेला स्वतः सोबत जा. पुढच्या तारखा तुमच्या फोनमध्ये टाका, त्या दिवसांचा पगार कापू नका, येण्याजाण्याचा खर्च द्या. जखम खोल असेल आणि बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन आणावं लागलं तर ते महाग असतं, तो खर्चही तुमचाच. यात उपकार काही नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये जनावर सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खरं तर याच्याही आधी एक करता येतं. रेबीजची लस चावण्यापूर्वीही घेता येते. घरात कुत्रा असेल तर मुलांसाठी, आणि रोज तुमच्या दारात येणाऱ्या कामाच्या माणसांसाठी, डॉक्टरांना विचारून घ्या. आधी पूर्ण लस झालेली असली की पुढे कधी चावलं तर दोनच डोस लागतात, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी, आणि ती जखमेतली सुई टळते. कुत्र्याच्या खाण्यावर महिन्याला हजारोंनी खर्च करणाऱ्या घराला हे जड नाही.

आता कुत्र्याचं. चावल्यावर पुढचे दहा दिवस तो तुमच्या घरात, तुमच्या नजरेसमोर राहिला पाहिजे. चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल तर दहा दिवसांच्या आत तो आजारी दिसतो किंवा मरतो. दहाव्या दिवशी खाऊनपिऊन ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही, असं खात्रीने म्हणता येतं, आणि डॉक्टर उरलेले डोस कमी करू शकतात. हे गणित फक्त कुत्र्यामांजरांनाच लागू आहे, माकड किंवा इतर जनावर चावलं तर नाही. या दहा दिवसांत लस मात्र थांबवायची नसते, दोन्ही बरोबरीने चालतं.

पण होतं काय, की चावला म्हणून घरचे चिडतात, सोसायटीवाले अंगावर येतात, आणि चौथ्या दिवशी फोन करावा तर उत्तर मिळतं, "त्याला शेतावर सोडला हो, मावसभावाकडे." कधी शेतही नसतं, गाडीत घालून सिंहगड रोडला नाहीतर घाटात सोडून दिलेलं असतं. जनावर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच. इकडे चावलेल्या माणसाला त्याचं पुढे काय झालं हे कधीच कळत नाही. प्रत्येक ताप, प्रत्येक डोकेदुखी त्याला रेबीजची वाटते. आमच्याकडे अशी माणसं महिनोन्महिने येत राहतात, "सिस्टर, पाणी पिताना घशात अडकल्यासारखं होतंय, काही असेल का?" त्यांना सांगायला माझ्याकडे केसपेपरवरची डोसची तारीख असते, कुत्र्याची काहीच खबर नसते.

सोसायटीच्या कमिट्यांनाही जाता जाता सांगते. कुत्रा पाळण्यावर बंदी घालायचा ठराव करू नका, तो टिकत नाही. आणि टिकला तरी लोक पाळायचं थांबवत नाहीत, लपवायला लागतात. लपवलेल्या कुत्र्याला परवाना नसतो, लस नसते, आणि चावला तर कुणी कबूलही होत नाही. त्यापेक्षा कुठल्या फ्लॅटमध्ये कोणता कुत्रा आहे आणि त्याच्या रेबीज लशीची पुढची तारीख कोणती, याची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. महापालिकेचा परवाना काढून घ्या. 28 सप्टेंबरला रेबीज दिन असतो, त्या आठवड्यात एखाद्या पशुवैद्याला बोलावून आवारातल्या भटक्यांनाही लस टोचून घ्या. गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना लस देत देत 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. एका सोसायटीच्या कंपाउंडात ते का होऊ नये?

चावल्यावर माझ्या खोलीत तुम्ही याल तेव्हा मी तुमच्यावर ओरडणार नाही, ओरडायला वेळही नसतो. कुत्र्याची पुस्तिका आणा, फोटो नको, मूळच आणा. चावलेल्या माणसाला पुढे बसवा, तुम्ही मागे उभे राहा. कुठे, कधी, कसा चावला ते जसं घडलं तसं सांगा. लशीची तारीख उलटून गेली असेल तर गेली म्हणून सांगा, त्यावरून डोस ठरवायचा असतो. आणि जाताना तुमचा स्वतःचा, चालू असलेला फोन नंबर केसपेपरवर लिहून ठेवा. दहाव्या दिवशी मी फोन करणार आहे.

आपली,
लसीकरण कक्षातली एक सिस्टर